हजाराच्या पुढची नोंद

सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी तिची स्क्रिप्ट कोसळली, आणि त्याला कारण एक पक्षी होता.

हे अर्थात तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिला इतकंच दिसत होतं, की पडद्यावर लाल अक्षरं आली आहेत, सव्वाआठला अहवाल साहेबांच्या टेबलावर हवा आहे आणि नवी पद्धत सुरू होऊन आज जेमतेम तिसरा दिवस आहे.

पद्धत साधी होती. नदीवर नऊ जलमापन केंद्रं, प्रत्येक केंद्रावर एक माणूस. त्याने रोज सकाळी पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवर पातळी वाचायची, कार्यालयाने दिलेल्या फोनवर चार ओळींची फाइल भरायची — केंद्र, तारीख, पातळी, शेरा — आणि ती क्लाउडवर पाठवून द्यायची. दुपारी बाराला पुन्हा पातळी बघून त्याच फाइलीत भर घालायची. क्लाउड म्हणजे, तिने साहेबांना समजावलं होतं तसं, कुठल्याशा लांबच्या इमारतीतलं कधीच न भरणारं कपाट. तिने पायथन या संगणकी भाषेत लिहिलेली चाळीस ओळींची स्क्रिप्ट सकाळी आठला त्या कपाटाला विचारायची, ‘काय काय आहे?’ नावांची यादी आली की त्यातल्या आजच्या नऊ फाइली वाचायची, आकडे तक्त्यात मांडायची, आणि प्रत्येक केंद्राच्या फोनवर एक सूचना पाठवायची. ‘आजची नोंद मिळाली.’ किंवा, ‘आजची नोंद मिळाली नाही. कारण कळवावे.’ वाक्यं तिनेच घडवली होती. कुणाला राग येऊ नये आणि कुणी लाडातही येऊ नये, अशी.

तिने नऊ नंबरच्या केंद्राची फाइल उघडली. पातळीच्या ओळीत आकडा हवा होता. तिथे लिहिलं होतं : ‘४.२० पेक्षा जरा कमी.’

तिने फोन लावला.

“मुख्यालयातून बोलतेय. तुम्ही पातळीत ‘जरा कमी’ असं लिहिलंय.”

“हो. जरा कमीच होती.”

“जरा म्हणजे किती?”

“दोन बोटं.”

“कुणाची?”

पलीकडून आवाज आला, तरुण, आणि हसू आवरत असलेला. “माझी. तुमची बारीक असतील तर तीन धरा.”

तिने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, आणि पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडली. “मोजपट्टीवर नेमका आकडा असतो. तो लिहायचा असतो.”

“दिसला असता ना. पण तिच्यावर पाणकावळा बसला होता... पंख वाळत घालून. पाव तास थांबलो. तो काही उठेना.”

“मग हाकलायचा!”

“त्याचंही कामच चाललं होतं हो.”

“हे बघा, तुमच्या पाणकावळ्यामुळे माझी स्क्रिप्ट पडलीय. पक्षी, बोटं, जे काय असेल ते शेऱ्यात लिहा. शेऱ्याला ती हात लावत नाही.”

“म्हणजे शेरा कुणी वाचतच नाही? मग तो भरायचा कशाला?”

फोन तुटला तेव्हा तिला बरंच वाटलं. नऊ नंबरला नेहमीच रेंज नसायची. केंद्रामागच्या टेकडीवर चढलं की फाइल कशीबशी जायची, आवाज मात्र तुटत तुटत. तिने ४.१७ असा आकडा भरला आणि आठ वाजून चौदा मिनिटांनी अहवाल टेबलावर ठेवला.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. कुणीच वाचणार नसेल तर भरायचा कशाला... संध्याकाळी निघण्याआधी तिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली. शेरेही छापून यावेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी आठ केंद्रांचे शेरे एकसारखे होते : ‘निरंक.’ सांगण्यासारखं काही नाही, याला कार्यालयात एवढाच शब्द चालतो. नऊ नंबरने लिहिलं होतं : ‘पाणकावळ्याला मुख्यालयाचा आदेश वाचून दाखवला. विचार करतो म्हणाला.’

ती एकटीच खुदकन हसली. मग इकडेतिकडे पाहून त्या दिवशीच्या सूचनेत, फक्त नऊ नंबरपुरती, एक ओळ हाताने जोडली : ‘शेरा वाचला जातो.’

तिथून ते सुरू झालं. काय सुरू झालं, हे तिने बरेच दिवस स्वतःला विचारलं नाही. रोज आठ वाजता चार ओळी यायच्या. ‘पाणी गढूळ. वर कुठेतरी पाऊस झालाय, वास येतोय.’ ‘मोजपट्टीला शेवाळ. घासली. आता ती माझ्यापेक्षा स्वच्छ.’ ‘आज काही घडलं नाही. पण निरंक लिहायला जीव होईना.’ आणि ती सूचनेत एक ओळ जोडायची. ‘शेवाळाची दखल घेतली. स्वतःचीही घासणी करावी.’ तो तिला ‘मुख्यालय’ म्हणायचा, ती त्याला ‘नऊ नंबर’. नावं दोघांनाही ठाऊक होती, पगारपत्रकावर सगळ्यांचीच असतात. पण ही जास्त जवळची वाटत होती.

त्रेसष्टाव्या दिवशी तो समोर येऊन उभा राहिला.

केंद्राची जुनी रजिस्टरं जमा करायची होती. बाहेर पाऊस कोसळत होता. रजिस्टरं प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली, आणि आणणारा मात्र नखशिखान्त भिजलेला. तो तिच्या टेबलाजवळ आला, तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, “तीन बोटं. बरोबर होता माझा अंदाज.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “पाणी मोजणाऱ्या माणसाकडे छत्री नाही?”

“पाणी मोजतो. चुकवत नाही.”

“जमीन पुसणाऱ्या मावशींना सांगा हे.” तिने टेबलाखालची आपली निळी छत्री काढून पुढे केली. “न्या. आणि परत आणा.”

“कधी?”

“...आणा कधीतरी.”

त्याने छत्री घेतली. दारातून बाहेर पडून पावसात गेला तरी उघडली नाही, काखेत धरून चालत राहिला. खिडकीतून तिला सगळं दिसत होतं. वेडाच आहे, ती पुटपुटली. आणि दिवसभर तक्त्यातल्या एकाच ओळीकडे बघत बसली.

घरी ताई होती. ताई रुग्णालयात परिचारिका, पाळ्यांवर पाळ्या करणारी, आणि माणसाचा चेहरा बघून ताप ओळखणारी. दोघी बहिणी दोन खोल्यांत राहायच्या.

“छत्री कुठाय?” ताईने विचारलं.

“दिली एकाला.”

“एकाला! नाव-गाव?”

“नऊ नंबर.”

“अगं बाई, आधीचे आठ कुठे गेले मग?”

“ताई!”

“मी काही विचारत नाही. फक्त सांगते... नाडी मोजायला माझ्याकडे ये, तुझ्या त्या स्क्रिप्टला नको विचारूस.”

एकशे पाचव्या दिवशी बातमी आली. नऊ नंबरला स्वयंचलित यंत्र बसलं. पातळी आता थेट यंत्रावरून येणार होती. महिनाअखेर केंद्र बंद. “माणूस कुठेतरी बदलून जाईल,” साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. बिस्कीट तुटून कपात पडलं. ती त्याच्याकडेच बघत राहिली.

एकशे अकराव्या दिवशी त्याचा फोन आला.

“मुख्यालय, एक विचारायचं होतं... बदलीचं... म्हणजे माझ्या बद— ...तुमच्या—”

“ऐकू येत नाहीये!”

“मी म्हणतोय, जर तुम्ही— ...तर मी—”

“तर काय?” ती इतक्या मोठ्याने बोलली, की शेजारच्या टेबलांनी माना वळवल्या. तिने आवाज खाली आणला. “नऊ नंबर, शेऱ्यात लिहा. उद्या. मी वाचेन.”

“नक्की?”

“मी सगळं वाचते.”

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी सातलाच ती कार्यालयात होती. पंखा लावला, बंद केला. पेन्सिलीला टोक केलं, टोक मोडलं. आठ वाजता स्क्रिप्ट चालवली.

एक ते आठ केंद्रं आली. नवव्यासमोर लिहिलं होतं : नोंद नाही.

रेंज नसेल, उशीर होईल. तिने साडेआठला पुन्हा चालवली. नऊला. साडेबाराला. नोंद नाही. आणि स्क्रिप्टने, घडवून दिलेल्या वाक्यानुसार, त्याला आपणहून कळवून टाकलं होतं : ‘आजची नोंद मिळाली नाही. कारण कळवावे.’

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा, संपर्क क्षेत्राबाहेर. तिसऱ्यांदा लावणं म्हणजे हात पसरणं झालं असतं, आणि तिला ते जमणारं नव्हतं. लिहितो म्हणाला, लिहिलं नाही. याचा अर्थ सरळ होता. टेकडीवर उभं राहून धीर आला होता, खाली उतरल्यावर ओसरला.

“साहेब, नऊ नंबरची नोंद येत नाहीये,” तिने कोरड्या आवाजात सांगितलं.

“यंत्राचा आकडा येतोय ना? मग सोड. जाता जाता माणसं ढिली पडतात.”

ती ढिली पडली नाही. रोज सव्वाआठला अहवाल ठेवला. पण घरी भांडी दोनदा घासली जाऊ लागली, आणि सरळ रस्त्याने वीस मिनिटांत पोचणारी ती नदीकाठाने तासभर चालत येऊ लागली. सूचनेत जोडायच्या ओळी मनात तयार व्हायच्या. लिहायच्या कुणाला?

“भूक नाही, झोप नाही, आणि ताप नाही,” ताई दिव्याखाली तिचं तोंड वर करून म्हणाली. “याच्यावर रुग्णालयात औषध नसतं. विचार त्याला सरळ.”

“विचारलं होतं. उत्तर आलं नाही.”

“कितीदा विचारलंस?”

“एकदा.”

“एकदा!” ताईने दिवा मालवला. “रुग्णाला सुद्धा आम्ही तीनदा विचारतो, कुठे दुखतंय म्हणून.”

एकशे सव्विसाव्या दिवशी सकाळी आठ वाजता आठवं केंद्रही गायब झालं.

हे मात्र अशक्य होतं. आठ नंबरला आबा होते. एकतीस वर्षांची नोकरी, आणि एकतीस वर्षांत एक नोंद चुकलेली नाही. पत्नीच्या आजारपणात सुद्धा रजिस्टर भरून मग ते दवाखान्यात गेले होते. तिने आबांच्या घरी फोन लावला.

“आबा, आज नोंद नाही पाठवलीत?”

“कोण म्हणतं?” आबा कडाडले. “सात वाजून वीस मिनिटांनी पाठवली. हिरवी खूण आली. पोरी, तुझं ते यंत्र तपास. मला तपासू नकोस.”

ती स्क्रिप्टसमोर बसली. किती नावं आली तेवढं मोजायला सांगितलं. उत्तर आलं : एक हजार.

नेमके हजार.

तिला आत कुठेतरी खटकलं. साडेतीन वर्षं ती पाण्याचे आकडे बघत होती. खरं मोजलेलं असं गोल नसतं. एखाद्या केंद्रावरून सलग गोल आकडे आले, की माणूस नदीवर न जाता घरातूनच लिहितोय, हे तिला कळायचं. तिने कागद ओढला. नऊ केंद्रं, एकशे सव्वीस दिवस... अकराशे चौतीस.

उरलेल्या एकशे चौतीस कुठे होत्या?

मग तिने क्लाउडचे नियम उघडले. पहिल्या दिवशी वरवर चाळलेले. तिसऱ्या परिच्छेदात सगळं साधेपणाने लिहिलं होतं : एका विचारण्याला फार तर हजार नावं मिळतील. पुढे आणखी असतील, तर यादीच्या शेवटी तशी खूण असेल. खूण दिसली की पुन्हा विचारावं. तिची स्क्रिप्ट एकदाच विचारत होती. खुणेकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं. यादी केंद्रांच्या क्रमाने लागायची — आधी पहिल्या केंद्राच्या सगळ्या तारखा, मग दुसऱ्याच्या, अगदी शेवटी नवव्याच्या. एकशे अकराव्या दिवशी फाइली होत्या नऊशे नव्याण्णव. एकशे बाराव्या दिवशी झाल्या हजारावर आठ. आणि कापल्या गेल्या त्या शेपटाकडच्या, नऊ नंबरच्या, नवीनात नवीन. रोज नऊ वाढत गेल्या, रोज नऊ कापल्या गेल्या. काल नऊ नंबरची शेवटची फाइल संपली आणि आज कात्री आबांपर्यंत पोचली होती.

म्हणजे तो लिहीत होता.

तिने तीन ओळी जोडल्या — खूण दिसतेय तोवर पुन्हा विचार — आणि स्क्रिप्ट चालवली. फाइली एकामागून एक उलगडत गेल्या.

एकशे बारा. ‘शेरा : काल तुटलं ते असं. मला दोन जागांतून एक निवडायचीय. एक वरच्या धरणावर, इथून सहा तास. दुसरी मुख्यालयात, तळमजल्यावर, नकाशे विभागात. तुम्ही हो म्हणालात तर तळमजला मागतो. नकाशांसाठी नाही.’

एकशे तेरा. ‘नोंद मिळाली नाही, कारण कळवावे, अशी सूचना आली. कारण कळवतो : घाबरून लांबड लावली. थोडक्यात लिहितो. येऊ का?’

एकशे चौदा. ‘पुन्हा तीच सूचना. माझ्याकडे तर हिरवी खूण आहे. मुख्यालय थट्टा करतंय, की नाही म्हणतंय?’

एकशे सोळा. ‘पाणकावळ्याचा सल्ला घेतला. म्हणाला, वाट बघ. त्याला काय जातंय, त्याला मासे मिळतात.’

एकशे अठरा. ‘तुमची छत्री माझ्याकडे आहे. परत करायला यावं लागेल. हे कारण पुरेल?’

एकशे वीस. ‘समजलं. नको असलेलं पत्र मिळालंच नाही म्हणणं, ही सभ्य रीत असावी. रोज न चुकता कळवल्याबद्दल आभारी आहे.’

एकशे एकवीस. ‘काल चिडून लिहिलं. माफ करा. पातळी मात्र बरोबर आहे.’

एकशे तेवीस. ‘अर्ज भरून टपालात टाकला. वरचं धरण.’

एकशे चोवीस. ‘निरंक.’

एकशे पंचवीस. ‘निरंक.’

आजची. ‘निरंक.’

तो शब्द तिने आठ केंद्रांकडून हजार वेळा वाचला होता. आज तो वाचवेना. पंधरा दिवस माणूस टेकडी चढून तिच्या दारात येत होता, आणि तिने स्वतः घडवलेलं वाक्य रोज सकाळी त्याच्या तोंडावर दार लावत होतं.

दहा वाजता आस्थापना विभाग उघडला तेव्हा ती वरच्या मजल्यावर दारातच उभी होती. आस्थापनेच्या बाईंनी चष्मा पुसून गठ्ठा चाळला.

“नऊ नंबर... हा बघा. वरचं धरण. मुदत आज पाचला संपतेय. उद्या आदेश निघेल.”

“बदलता येईल?”

“त्याने स्वतः येऊन, माझ्यासमोर सही करून. पाचच्या आत. तुमचा काय संबंध?”

“माझ्या विभागाची चूक झालीय,” ती म्हणाली. ते खरं होतं.

बाईंनी चष्मा लावून तिला नीट पाहिलं. “बरीच मोठी चूक दिसतेय.”

तो आता बाराशिवाय टेकडीवर येणार नव्हता. फोनवर आवाज तुटणार, आणि तुटक्या आवाजानेच हे सगळं घडलं होतं. उरली सूचना. पण सूचना जपून ठेवल्या जायच्या. तपासणीला कुणीही आला तर वाचणार. साहेब, त्यांचे साहेब, दहा वर्षांनी येणारा कुणी अनोळखी माणूस. आजवर जोडलेल्या ओळी गमतीच्या होत्या, निभावून गेल्या असत्या. ही निभावणार नव्हती. तिने तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. मग अहवाल लिहावा तसं लिहिलं :

‘केंद्र क्रमांक ९. एकशे बाराव्या दिवसापासूनच्या आपल्या सर्व नोंदी आज मिळाल्या. त्या आधीही पोचल्या होत्या. मी वाचल्या नाहीत. कारण कळवते : माझी स्क्रिप्ट हजारावर थांबत होती आणि मी पुन्हा विचारलं नाही. चूक मुख्यालयाची. आपल्या प्रश्नाचं उत्तर : हो. तळमजला. आज पाचच्या आत स्वतः येऊन सही करावी. छत्री आणावी.’

बटण दाबलं. अकरा वाजले होते.

पुढचा एक तास कसा गेला, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. खुर्चीवरून उठली, बसली. दुसऱ्या कुणाचा तरी चहा प्यायली. बाहेर पाऊस लागला होता, आणि यंत्र दाखवत होतं की नऊ नंबरला पाणी चढतंय. बाराला स्क्रिप्ट चालवली. बारा वाजून एक. बारा वाजून दोन. तो आज टेकडीवर आलाच नाही तर? शेवटचे दिवस, यंत्र बसलेलं... कोण चढतं पावसात?

बारा वाजून अकरा मिनिटांनी फाइल बदलली.

‘पातळी ४.४०, चढती. शेरा : निघालो.’

तिने तो एक शब्द पाच वेळा वाचला.

बसला अडीच तास लागायचे. पावणेतीन झाले, तीन, साडेतीन. साहेब येऊन सांगून गेले की खालच्या पुलावर पाणी आलंय, गाड्या थांबवल्यात. पुलाजवळची पातळी किती, हे तिच्याच सकाळच्या तक्त्यात होतं. तिला तो आकडा पाठ होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. चारला ती फाटकाशी गेली, परत आली. साडेचारला वर गेली.

“बाई, कपाट किती वाजता लावता?”

“पाचला पाच कमी असताना. तीस वर्षं झाली.” बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “आज किल्ली सापडायला वेळ लागेल असं दिसतंय.”

चार वाजून बावन्न मिनिटांनी फाटकाशी दुधाचा टेम्पो थांबला. मागच्या रिकाम्या कॅनांमधून एक माणूस उडी मारून उतरला. तिने खिडकीतूनच ओळखलं, कारण धो-धो पावसात तो काखेत मिटलेली निळी छत्री धरून पळत होता.

ती जिन्यात धावली. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर येत होता. मधल्या वळणावर दोघं समोरासमोर थांबले. दोघांनाही धाप लागलेली. ती म्हणाली, “छत्री होती ना हातात?”

“तुमची आहे. भिजली असती.”

“छत्री भिजण्यासाठीच असते!”

“मुख्यालय, भांडू की सही करू? आठ मिनिटं आहेत.”

“सही,” ती म्हणाली. “आधी सही.”

बाईंसमोर त्याने सही केली. जुन्या अर्जावरचं ‘वरचं धरण’ एका रेषेने खोडलं, ‘तळमजला’ लिहिलं. बोटांवरचं पाणी कागदावर सांडून शाई जराशी पसरली. बाईंनी टिपकागद दाबला, शिक्का मारला आणि टेबलावर उघड्यावरच पडलेली किल्ली मोठ्या आश्चर्याने उचलली.

“सापडली बाई एकदाची.”

दोघं परत जिन्याच्या वळणावर आले. इमारत रिकामी होऊ लागली होती; खालून छत्र्या उघडल्याचे फटाफट आवाज येत होते. आता घाई संपली होती, आणि तीच जास्त अवघड गोष्ट होती.

“मी रोज तीच सूचना वाचायचो,” तो म्हणाला. “‘कारण कळवावे.’ शेवटी शेवटी वाटायचं, खरंच विचारतंय का कुणी? म्हणून निरंक लिहिलं. तो एकच शेरा खोटा होता.”

“मी म्हटलं होतं, मी सगळं वाचते.” ती म्हणाली. “वाचलं नाही. मला वाटलं, तुम्ही... तू... लिहिलंच नाहीस.”

तो ‘तू’ दोघांच्या मध्ये पडला. कुणी उचलून परत दिला नाही.

त्याने हळूच तिचा हात हातात घेतला. त्याची बोटं थंड होती, सुरकुतलेली, तासभर पावसात उभ्या राहिलेल्या माणसाची. तिच्या बोटांशेजारी त्याने आपली धरली, जणू काही मापच घेत होता.

“एवढंच होतं तुला सांगायचं?” तिने विचारलं. “पंधरा दिवसांत?”

“नाही.”

“आणखी आहे?”

“आहे.”

पाऊस जिन्याच्या खिडकीवर तडतडत होता. ती पुन्हा विचारते का, हे तो बघत होता बहुधा.

“सांग,” ती म्हणाली. “आणि मग आणखी काय, तेही सांग. मी विचारत राहीन.”